सपरी

माउसची वायर उंदरानं कुरतडली
त्याला आज अकरा दिवस झाले.
नवा आणायला साकोलीला जावं, तर एसटी एकच, सकाळची,
आणि त्याच वेळी सातबाऱ्याची गर्दी.
म्हणून दुकान सध्या काळ्या पडद्यावर चालतं,
हातानं टाइप केलेल्या हुकमांवर.
लोक म्हणतात, शेषरावचा कम्प्युटर बिघडला.
बिघडला नाही. नुसता चेहरा गेलाय त्याचा,
कान शाबूत आहेत.

अशात फुलनबाई आली, सरळ तलावावरून.
लुगड्याचा काठ ओला, घोट्याला शेवाळ.
चुन्याच्या रिकाम्या डबीतून पेनड्राइव्ह काढला,
पदरानं पुसला, वरून दोनदा फुंकर.
"उद्या तहसीलात दाखवाचं हाये, तलावाच्या ठेक्यासाठी.
साकोलीच्या दुकानात लावला
तं तो पोट्टा म्हने, फॉरमॅट करू का?
मी म्हनलं, तुह्या बापाचं हाये का?"

मी लावला.
मशीनला विचारलं, कोण आलं?
सगळ्यात खालच्या ओळीत उत्तर:
एसडीबी. आठ जीबी. आत एकच खोली.

आला म्हणजे घरात आला, असं नसतं.
नाव-गाव सांगून दारातच उभा असतो.
त्याला टेकायला जागा द्यावी लागते,
आणि ती आधी रिकामी लागते.
हे मला कुणी शिकवलं नाही,
चुकत चुकत कळलं.
एक कोरा फोल्डर केला. नाव दिलं, सपरी.
मग लिहिलं: माउंट.
फक्त वाचायला. आतलं काही हलवायचं नाही.

एंटर.
मशीन गप्प.
"नायी होत का?"
"झालं. चुकलं तरच बोलते हे."
"म्हंजे माह्या सासूवानी," ती म्हणाली,
आणि स्टूल ओढून बसली.

यादी मागितली, ओळीनं आली.
मरळ. सिंगूर. दाडक. वाघूर.
देवधान, कमळ.
तीन वर्षांची मोजणी,
बेशरम उपटायच्या आधीची, नंतरची,
बायांनी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून केलेली.
आणि तळाशी एक आवाजाची फाइल,
नाव नाही, नुसती तारीख.
अकरा सेकंद.

लावली.
वारा. पाण्याची चापट.
तिचाच आवाज, दमलेला: "सतरा... अठरा..."
मागून एक पुरुष:
"बाजूले हो वो, सावली पडते तुही."
संपली.

फुलनबाई पडद्याकडं बघत राहिली.
पडद्यावर बघायला काही नव्हतं.
"अजून एक डाव."
वरचा बाण दाबला की मागचा हुकूम परत येतो.
चार वेळा आणला.
पाचव्यांदा ती काही बोलायच्या आधीच
माझं बोट बाणावर होतं.

कागद छापले, नऊ.
पेनड्राइव्ह सोडवायला गेलो
तर मशीन पहिल्यांदा तोंड उघडून नाही म्हणालं:
व्यस्त आहे. कोणीतरी आत आहे.
आता कोण धरून बसलंय?
शोधलं.
मीच होतो.
सपरीतच उभा होतो मी,
आणि तिथूनच म्हणत होतो, सोड.
दोन ठिपके टाइप केले, एक पायरी मागं आलो.
मग सुटला, आवाज न करता.
सपरी रिकामी राहिली.
पुसायचा हुकूम बोटांना पाठ आहे.
टाइप केला नाही.

डबीत टाकला तिनं, टक् वाजला.
"किती झाले?"
"अठरा."
वीसची नोट ठेवली, कागद पोलक्याशी धरले,
उंबऱ्यात चप्पल शोधता शोधता म्हणाली,
"दोन राहू दे.
नव्या उंदराले."